तोळ्यास तोळा

नाणी जमविण्याचा नाद आम्हांस नक्की केव्हा जडला हे सांगता येणार नाही; तो सुटण्याची चिन्हे नाहीत, एवढे मात्र आमच्या घरी सर्वांस ठाऊक आहे. राहावे जोयड्यास, वकिली करावी हल्याळ-दांडेलीच्या कोर्टांत, आणि सुटी पडली की पिशवीत भिंग टाकून बेळगाव-पुण्याच्या प्रदर्शनांकडे धावावे, असा आमचा क्रम पंधरा-वीस वर्षे चालला आहे. त्या प्रदर्शनांत आमच्यासारख्यांस सरसकट 'कलेक्टर' म्हणतात. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक किंमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास 'कलेक्टरा'स कळवावे लागे. तो कलेक्टर निराळा. परंतु प्रदर्शनात एकाने ते कलम वाचून आपला ठेवा आम्हांसच कळविला होता, आणि क्षणभर आम्हांस त्याचे अज्ञान दूर करावेसे वाटले नव्हते. संग्राहकाचे मन कसे असते हे वाचकांनी एवढ्यावरूनच ताडावे.

पुण्याच्या 'कॉइनेक्स' प्रदर्शनास निघण्याच्या चार दिवस आधी रामनगरची एक आजी आमच्याकडे आली. काळी नदीवरील सुपा धरण १९८७ मध्ये पुरे झाले आणि तालुक्याचे जुने ठाणे जे सुपे ते पाण्याखाली गेले. त्याच्याबरोबर जी गावे गेली त्यांतल्या एका कुणबी घरची ही सून. तिच्या शेताच्या खटल्याचे काम आमच्याकडे होते. तिने लुगड्याच्या पदरातून एक पुरचुंडी सोडली. आत काळ्या दोऱ्यात ओवलेली रुपयांची माळ होती. बारा रुपये, प्रत्येकास डोक्यावर डाग देऊन लावलेली कडी. गाव सोडताना भांडीकुंडी मागे राहिली, ही माळ मात्र तिने गळ्यात घालून आणली होती. आता नातीस नर्सिंगच्या शिक्षणास घालावयाचे होते आणि फी भरावयाची होती. सोनाराकडे जावे तर तो घट धरणार. "तुम्ही नाणेवाले, तुम्हांला मोल कळते," असे म्हणून तिने ती माळ आमच्या टेबलावर ठेवली. आम्ही वकिली सवयीने पावती करून दिली : 'चांदीचे रुपये, नग १२, कडीसह.'

माळ तशी पाहण्यासारखी होती. सात रुपये इंग्रज सरकारचे आणि पाच पोर्तुगीज सरकारचे, तेही एकमेकांत मिसळून ओवलेले. याचे कोडे १८७८ च्या डिसेंबरात झालेल्या इंग्रज-पोर्तुगीज तहात आहे. त्या तहाने गोव्याचा रुपया वजनास आणि कसास हिंदुस्थानच्या रुपयाबरोबर आणला : ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. म्हणजे आपल्या बायकांच्या भाषेत एक तोळा. त्याच तहापायी आमच्या तालुक्यातील कॅसलरॉकवरून मुरगावची आगगाडी घाट उतरली. तह १८९२ मध्ये संपला. पण गाडी राहिली, आणि रुपयाचे वजनही पुढे वीसेक वर्षे तेच राहिले. राजा लुईशचे १८८१ आणि १८८२ चे रुपये आले, मग कार्लुशचे, आणि १९१० मध्ये राजाच गेल्यावर १९१२ चा प्रजासत्ताकाचा. त्यांवर 'उमा रुपिया' अशी अक्षरे असतात. पोर्तुगीज भाषेत 'उमा' म्हणजे 'एक', हे कळेपर्यंत आम्ही बरेच दिवस पार्वतीचे नाव तेथे कसे, याचा विचार करीत होतो. सरहद्दीवरच्या बाईला या राजांचे काय? तोळा म्हणजे तोळा. राणी व्हिक्टोरियाच्या शेजारी लुईश बसला तरी माळ एका भाराची होते.

लोंढ्याहून रात्रीच्या गाडीत बसून आम्ही पुण्यास पोहोचलो. ज्यांनी असे प्रदर्शन पाहिले नाही त्यांस ते संग्रहालयासारखे वाटण्याचा संभव आहे. ते प्रत्यक्षात बाजाराच्या अधिक जवळ असते. टेबलांवर मखमल, मखमलीवर नाणी आणि नाण्यांवर वाकलेली डोकी. एकीकडे शिवराया ढिगाने पडलेल्या. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरे पुरी उतरलेली शिवराई शोधण्यासाठी शाळकरी पोरे तासन् तास ढीग उपसतात. दुसरीकडे काचेखाली एखादा गोव्याच्या कदंबांचा सुवर्णसिंह, सप्तकोटेश्वराच्या वरप्रसादाचा नागरी लेख मिरवीत बसलेला. त्याच्याकडे पाहण्यास पैसे पडत नाहीत म्हणून आम्ही दर वर्षी पाहतो. एका कोपऱ्यात गोव्याचे शेवटचे पोर्तुगीज नाणे, १९५८-५९ चे इश्कुद आणि सेंताव्ह. तीस सेंताव्ह, साठ सेंताव्ह, तीन इश्कुद, सहा इश्कुद असले विचित्र आकडे का, असे एक मुलगा विचारीत होता. आम्ही त्यास सांगितले की सहा इश्कुदांचा एक जुना रुपया धरला होता. नावे बदलली तरी बाजारातल्या माणसास अर्धा रुपया लागतोच. मुलाने मान डोलावली आणि ते न घेता तो निघून गेला.

आजीची माळ घेऊन आम्ही एका ओळखीच्या व्यापाऱ्यापाशी बसलो. त्याने ती पाहताक्षणी तराजू पुढे ओढला. कडी लावलेले नाणे संग्राहकाच्या कामाचे नाही. डाग काढला तरी व्रण राहतो, म्हणून अशा मालास चांदीचाच भाव, असे त्याने सांगितले, आणि यात त्याची लबाडी नव्हती. हा बाजारचा नियमच आहे. एखादी वस्तू कोणी अंगावर वागविली की तिचे मोल उतरते. आम्ही हा नियम इतरांस अनेकदा ऐकवला आहे, पण त्या दिवशी प्रथमच तो आम्हांस थोडा चमत्कारिक वाटला.

तो वजन पाहत असता आम्ही चाळा म्हणून एका रुपयावरचा मळ अंगठ्याने पुसला. पंचम जॉर्जचा रुपया. मागे साल १९११.

ज्यांस हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावर एक लहानसा हत्ती कोरलेला आहे. कोरणाऱ्याने त्याची सोंड अशी आखूड काढली की लोकांस तो डुक्कर वाटला. हिंदूंस राग आला, मुसलमानांस त्याहून आला. सुमारे ९४ लाख रुपये पाडले गेले होते, त्यांपैकी सातएक लाखच बाहेर पडले होते. उरलेले सरकारने वितळविले आणि १९१२ पासून हत्तीस सोंड नीट लांब दिली. म्हणून संग्राहक १९११ च्या रुपयास 'डुकराचा रुपया' म्हणतात आणि त्यास चांदीहून बराच अधिक दाम देतात. कडीचा व्रण असला तरी काही अधिक मिळतेच. आमच्या वहीत पंचम जॉर्जच्या रांगेचे पहिलेच घर रिकामे आहे.

आम्ही तो रुपया पालथा करून ठेवला. व्यापाऱ्याने पाहिले नव्हते. भाव ऐकून आम्ही "विचार करून सांगतो" म्हटले आणि माळ पिशवीत घातली.

परतीच्या प्रवासात आम्ही मिरजेपर्यंत जागे होतो. आमच्या घरी १९१३ ते १९१८ चे दुबार रुपये डझनभर पडलेले. त्यांतला एक कडी लावून माळेत घातला असता तर आजीचे काय गेले असते? तोळ्यास तोळा. वजन तेच, चांदी तीच, मुखवटाही त्याच राजाचा. आणि आमच्या पावतीत नग लिहिले होते, साले लिहिली नव्हती. पावती करताना असे काही मनात नव्हते; पण गाडीत ती पावती आठवून आम्हांस बरे वाटले, हे लपविण्यात अर्थ नाही.

१८८२ च्या ट्रस्ट कायद्याच्या ८८ व्या कलमात विश्वस्त, भागीदार, मुखत्यार यांच्या यादीत कायद्याचा सल्लागारही बसविलेला आहे : अशाने आपल्या स्थानाचा उपयोग करून जो लाभ पदरात पाडला तो ज्याचा त्यास द्यावा. हे कलम आम्ही एका दाव्यात दुसऱ्यावर मोठ्या आवेशाने चालविले होते. तरी मंगळवारी आजी आली तेव्हा आम्ही तिला चांदीचा भाव तेवढा सांगितला आणि "आणखी एका ठिकाणी विचारतो" असे म्हणून माळ ठेवून घेतली. तिने हूं म्हटले आणि बसचे भाडे मोजत निघून गेली. तिला रामनगरहून जोयड्यास येण्याचा तो हेलपाटा आमच्यामुळे फुकट पडला.

त्यापुढचे आठ दिवस आम्ही माळ कपाटात ठेवली आणि वही उघडली नाही.

पुढच्या मंगळवारी नातही बरोबर आली होती. आम्ही सर्व सांगितले. साल, हत्ती, डुक्कर, दाम, सर्व. आजीने पदर तोंडास लावला.

"दुकर? म्हजे मांयचे गळ्यांत दुकर आशिल्लो?"

आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर तिने आमच्याकडे पाहिले. "वकीलबाब, पयलींच कित्याक सांगूंक ना?"

आम्ही उत्तर दिले नाही. तिनेही पुन्हा विचारले नाही. अकरा रुपये बेळगावास चांदीच्या भावाने द्यावेत, तो एक मात्र नातीपाशी राहावा, असे तिने ठरविले. फीस काही कमी पडते, ते ती भातावर उचलणार होती. आम्ही तो रुपया योग्य दामाने घेण्याची गोष्ट काढली नाही. त्या दिवशी ती काढण्याचे तोंड आम्हांस नव्हते. जुनी पावती तिच्याकडून परत घेऊन फाडली आणि नवी लिहिली, प्रत्येक नाण्याचे साल आणि सरकार घालून. एकेक रुपया तपासून बारा ओळी लिहिण्यास अर्धा तास लागला. नात ती मोठ्याने वाचीत गेली. १९११ पाशी थांबून तिने आमचे भिंग उचलले, रुपया खिडकीशी नेला आणि बराच वेळ पाहिला.

"आजये," ती म्हणाली, "हत्तीच आहे हा."