मांटुआच्या वाड्यातली इसाबेलाची खोली

मैत्रिणींनो, इटलीला जायचा योग आलाच, तर रोम-व्हेनिसच्या धावपळीतून एक दिवस मांटुआसाठी काढाच. तिथला गोंझागा घराण्याचा राजवाडा म्हणजे एक गावच, पाचशेच्या वर दालनं! पाय दुखले तरी इसाबेला देस्तेची खोली चुकवू नका.

इसाबेला १४९० साली, पंधराव्या वर्षी, या घरात सून म्हणून आली आणि तिनं वाचायला-बसायला स्वतःची खोली करून घेतली. त्या काळी अशी खोली पुरुषांची असायची, बरं का! नामवंत चित्रकारांना चित्रांचे विषयही तीच सांगे. (ती चित्रं आता पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहेत.)

१५०९ मध्ये नवरा व्हेनिसवाल्यांच्या कैदेत पडला. जवळजवळ वर्षभर राज्य हिनंच सांभाळलं. त्यानं कौतुक करावं की नाही? पण पुढे त्यानं तिला पत्रात लिहिलं काय, तर बायको आपल्याच मतानं चालते याची लाज वाटते!

१५१९ साली तो वारला. मग ती तळमजल्यावर राहायला गेली, खोलीही सामानासकट तिकडे नेली. शेजारच्या छोट्या दालनाचं छत नीट बघा. तिथे तिनं आपली खूण कोरून घेतली आहे: गाण्याच्या स्वरलिपीतले नुसते विराम.