आधी कोणी जायचे?

उसाच्या हंगामात बारामती-इंदापूर रस्ता ज्याने मोटार हाकून पार केला, त्याला युरोपात काय अवघड, असे कोणालाही वाटेल. भवानीनगरच्या कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्या, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, सणसर-लासुर्ण्याच्या फाट्यावर अवचित वळणारी फटफटी! यांतून वाट काढणारा गृहस्थ कशाला डगमगेल? तरीही सुटीत मुलाकडे जर्मनीला किंवा लेकीकडे हॉलंडला जाऊन, मोटारीने चार देश पाहण्याचा बेत असेल, तर काही गोष्टी गाठीशी हव्यातच.

पहिली परवान्याची. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्याच परिवहन कार्यालयात मिळतो; बारामतीकरांना तो 'एमएच ४२'च्या कचेरीत. त्याची मुदत फार तर एक वर्ष, आणि मूळ परवानाही जवळ लागतोच.

दुसरी बाजूची. ब्रिटन, आयर्लंड, माल्टा व सायप्रस आपल्यासारखे डावीकडून जातात, बाकीचे उजवीकडून. स्वीडनही पूर्वी डावेच होते. ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे सारा देश उजवीकडे सरकला!

वेगाचे म्हणाल, तर फ्रान्स-इटलीच्या मोटारमार्गांवर ताशी १३० किलोमीटर, पावसात ११०, स्वित्झर्लंडात १२०. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी मर्यादाच नाही. मात्र तेथे उजव्या बाजूने पुढे घुसणे गुन्हा.

हे आकडे पाठ होतात. खरी मेख निराळीच आहे : आधी कोणी जायचे? फ्रान्स-जर्मनीत पाटी वा दिवा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा मान पहिला, मग तो बोळातून सायकलवर का येईना. पांढऱ्या पट्ट्यांवर पाऊल टाकणाऱ्यासाठी मोटारीने थांबायचेच. आपला अलिखित कायदा मात्र 'मोठा तो आधी' असा. तो मनातून काढला नाही, तर पहिल्याच चौकात जिवावर बेतायचे.

पण वाचकहो, पायी चालणाऱ्याला वाट देणे आपल्याला अगदीच अनोळखी आहे काय? आषाढीला तुकोबांची पालखी याच वाटेने येते, बेलवाडीला गोल रिंगण होते. तेव्हा मोटारी निमूटपणे दुसरी वाट धरतात. भक्तीने वर्षातून एकदा जे करतो, ते तिकडे कायद्याने रोज करायचे, इतकेच. ही सवय परतीच्या सामानात अवश्य आणावी; तिला जादा वजनाचे भाडे पडत नाही!