मागच्या दाराचं उज्जैन

उज्जैनला अलीकडे दर्शनी भाग फार झाला आहे. 2022 च्या ऑक्टोबरात ‘महाकाल लोक’ खुलं झालं, गर्दी बारमाही झाली, आणि जुन्या गावात ज्याच्या घरामागे चार हात जागा होती त्याला तिथे यात्रेकरूंसाठी खोल्या दिसू लागल्या. 2028 चा सिंहस्थ तोंडावर असताना परसात अळू लावणारा वेडाच ठरतो. आमच्या घरात हा वेडेपणा बहुमताने मंजूर झाला. पुतण्याने काढून आणलेला तीन खोल्यांचा नकाशा कपाटात गेला.

दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये राजधानी ग्वाल्हेरजवळ लष्करला हलवली. दरबार गेला, पण बरीच मराठी घरं इथेच राहिली. पुढच्या खोलीत आम्ही आता अर्धं हिंदी बोलतो, पेरूला जाम म्हणतो. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर मात्र आड, तुळस, कढीपत्ता, धुणं वाळत घालायची तार, आणि कोपऱ्यात आजोबांच्याही आधीचा बेल.

मधल्या एका पिढीने चिखल नको म्हणून परसभर सिमेंटचा कोबा केला होता. तो मोरीकडे खचला, आडाजवळ उचलला गेला आणि मधोमध आडवा तडकला. मी पुन्हा कोबाच म्हणत होते. मिस्त्रीने पहारीने एक ढलपा उचकटून खालचा जिन्नस दाखवला. “काली मिट्टी है बाईसाब, छोड़ेगी नी.” माळव्याची ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात आकसून अशी भेगाळते की आत बोट जावं. वरची फरशी तिच्याबरोबर हलणारच. मग कोबा सगळाच काढला. जाण्यायेण्याच्या पट्ट्यातली माती उपसून तिथे मुरूम ठोकला, त्यावर वाळू, आणि वाळूवर जुने दगड सांधे न भरता नुसते मांडले. एखादा दगड कलला तर उचलून सारखा करायचा, एवढंच. बाकीची जागा मातीची मातीला. मोरीचं पाणी पाटाने केळीच्या आळ्यात सोडलं, तिथून अळवाला. केळीने ते असं मानवून घेतलं की पहिल्या पावसातच मोरीच्या खिडकीवर अंधार आला.

हिरवळ, कारंजं, रंगीत दिव्यांच्या माळा, सगळ्यांचे सल्ले ऐकून झाले. मेघदूतातला यक्षही ढगाला घराची खूण सांगताना घरापेक्षा बागच जास्त सांगतो: बायकोने पोरासारखा वाढवलेला मंदार, पाचूच्या पायऱ्यांची विहीर, सोनकेळींनी वेढलेली क्रीडेची टेकडी, मोराला बसायला दांडी. धुण्याची तार नाही, घासायच्या भांड्यांचा ढीग नाही. कुबेराच्या नगरीत ते शोभतं. आमच्या परसाला कोणी पाहायला येत नाही, हीच त्याची चैन. आख्खं गाव पाहुण्यांसाठी नटलेलं असताना घराला कुठेतरी परकर खोचून वावरता आलं पाहिजे.

अपवाद श्रावणाचा. शेजाऱ्यांचा श्रावण आषाढी पौर्णिमेनंतर लागतो, आमचा त्यानंतर पंधरा दिवसांनी, अमावास्या उलटल्यावर. महाकालाची सवारी दोघांनाही धरून चालते. उत्तरेच्या पंचांगात भाद्रपद लागला तरी सोमवारी पालखी निघते, आणि शेवटची, सगळ्यात मोठी सवारी मराठी श्रावण सरता सरता येते. हा मराठ्यांच्या काळाचा वारसा मानतात. त्याचा भार आमच्या बेलावर पडतो: महिना सव्वा नव्हे, चांगला दीड. सोमवारी बेल तोडत नाहीत, म्हणून रविवारी संध्याकाळी मागच्या बोळात रांग. प्रत्येकाला पान अखंड, तीन दलांचं हवं. काट्यांबद्दल तक्रार आमच्याकडे. पहिल्या दोन आठवड्यांतच हाताला येणाऱ्या फांद्या बोडक्या होतात, मग शिडी लागते. शिडी आमची, पण गेल्या वर्षापासून ती शेजारच्यांच्या गच्चीवर आहे, आणि यंदा ते ती त्यांचीच असल्याचं सांगतात.