दाढेचे गाऱ्हाणे

तापीच्या उत्तरेस कोसाडला आम्ही राहावयास आलो, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. येथील हिवाळा तसा सौम्य. परंतु गेले दोन हिवाळे आमच्या घरी डोकेदुखी घेऊन आले. सौ.च्या डाव्या गालात जडपणा, वाकले की कपाळात ठणका आणि नाकात अधूनमधून दुर्गंधी. साड्यांवर टिकल्या लावण्याचे काम ती घरी करते. मान खाली घातल्यावाचून ते होत नाही; तेच बंद पडले. "सायनस झाला आहे," असे सांगून शेजारीपाजारी मोकळे झाले.

वास्तविक सायनस हा रोग नव्हे. नाकाभोवतीच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात, त्यांचे ते नाव. त्यांची तोंडे अरुंद असून नाकात उघडतात. ती सुजून बंद झाली की आतला स्राव साचतो.

प्रथम साधा एक्स-रे काढला. त्यात सगळ्या हाडांच्या सावल्या एकावर एक पडतात. डावा गाल धुरकट दिसला, एवढेच कळले. औषधे झाली, उतार पडला आणि दुखणे पुन्हा उलटले.

मग सी.टी. स्कॅन. हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली लंडनजवळच्या रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेद टिपले. त्या शोधाला १९७९ चे नोबेल पारितोषिक लाभले. सायनसच्या तपासणीत पूर्वी समोरून छेद घेण्यासाठी रुग्णाला पालथे निजवून मान मागे ताणावयास लावीत. आता रुग्ण उताणा निजतो, यंत्र पातळ आडवे छेद घेते आणि संगणक त्यांवरून उभे छेद जुळवतो. सौ.चे स्कॅन सर्दीच्या चौथ्या दिवशी झाले. अहवालात डावी गालपोकळी पूर्ण भरलेली आणि इतरत्र सूज असल्याचे लिहिले होते. शस्त्रक्रियेची तारीखही ठरली.

मन घेईना, म्हणून दुसऱ्या एका वयस्क कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आधी विचारले, "हे चित्र सर्दीत काढले का?" अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाविषयी त्यांनी सांगितले. साध्या सर्दीच्या ३१ रुग्णांचे सी.टी. काढले, तेव्हा २७ जणांच्या गालपोकळीत दोष दिसला. पुढे ज्यांचे पुन्हा चित्र काढले, त्यांतील बहुतेकांचा तो प्रतिजैविकांवाचून निवळला किंवा पुष्कळ कमी झाला. म्हणून दीर्घकालीन विकाराचे चित्र शक्यतो उपचारानंतर, सर्दी ओसरल्यावर काढावे.

त्यांचा दुसरा प्रश्न मात्र मला झोंबला. "दुखणे एकाच बाजूचे आहे. वरच्या दाढेचे काही?"

सौ.ने माझ्याकडे पाहिले. "अहो, मी वर्षभर हेच सांगत होते ना!"

खरेच सांगत होती. पूर्वी धातूची टोपी बसविलेल्या दाढेत चावताना कळ येई. "दाढेचा आणि डोक्याचा काय संबंध?" म्हणून मीच तिला गप्प केले होते. वरच्या दाढांची मुळे गालपोकळीच्या तळाला अगदी खेटून असतात, हे मला, शिकल्यासवरलेल्या माणसाला, ठाऊक नव्हते!

तिसरे चित्र दंतवैद्यांच्या कोन बीम सी.टी.चे. यात शंकूच्या आकाराचा किरणझोत डोक्याभोवती एकदा फिरतो. हाडाचे बारकावे उत्तम दिसतात, किरणेही बहुधा कमी लागतात. पण मऊ भागांतील फरक नीट उमटत नाही. त्यात दाढेच्या मुळाशी हाड झिजलेले आणि पोकळीचा तळ भेदलेला स्पष्ट दिसला. मग जुने स्कॅन पुन्हा पाहिले. टोपीमुळे उमटलेल्या रेघांआड तेथेही ते अंधुकसे होतेच. तिकडे कोणी पाहिले नव्हते.

मग श्रेष्ठ यंत्र कोणते? तज्ज्ञ म्हणाले, "आधी प्रश्न ठरवा." नाकातील वाटा आणि शस्त्रक्रियेचा नकाशा हवा असेल तर नेहमीचे सी.टी.; दाताची शंका असेल तर कोन बीम; रोग डोळ्याकडे वा मेंदूकडे पसरल्याचे भय असेल तर एम.आर.आय.चीही जोड. २०२१ साली गुजरातेत काळ्या बुरशीने थैमान घातले, तेव्हा हा शेवटचा प्रश्न अनेक घरांत जीवनमरणाचा झाला होता. साध्या डोकेदुखीला मात्र बहुधा यांतील काहीच लागत नाही.

दाढ काढली, औषधे झाली. तीन महिन्यांत गाल मोकळा झाला, शस्त्रक्रिया टळली. सर्वांचे असेच होते असे नाही. काहींना दोन्ही उपचार करावे लागतात.

सौ. पुन्हा खिडकीपाशी टिकल्या लावीत बसते. तीन चित्रांचा खर्च मी वहीत मांडून ठेवला आहे. त्याखाली एक ओळ लिहिली आहे : घरच्या माणसाचे पहिल्यांदाच ऐकले असते, तर यातली दोन चित्रे कदाचित वाचली असती.