मिरचीचा पंचनामा

पौडच्या तहसील कचेरीच्या हाताखालील एका सज्जाचे दप्तर माझ्याकडे होते, त्या काळी भातकापणीच्या तोंडावर रानडुकरांनी केलेल्या नुकसानीचे पंचनामे करीत मुळशीच्या डोंगराळ वाड्या पायी तुडवणे हा माझ्या चाकरीचा नित्यक्रम असे. ताम्हिणीच्या अलीकडील अशाच एका वाडीत खाचरे पाहून झाल्यावर माझ्या ध्यानात आले, की डुकरांनी आंबेमोहोर लोळवला होता, परसातली रताळी उकरून फस्त केली होती. परंतु लगतच पिकून लालभडक झालेल्या लवंगी मिरचीच्या पाचसहा झाडांना त्यांनी तोंड लावले नव्हते. आणि त्याच झाडांवर लालबुड्या बुलबुलांची एक जोडी, सरकारी माणसाची यत्किंचितही तमा न बाळगता, अख्ख्या मिरच्या गिळीत बसली होती.

"आजी, ह्यांचीही नोंद नुकसानीत करू का?" मी विचारले.

"ही झाडं म्या कुठं लावली, भाऊसाहेब? ह्या पाखरांनीच पेरल्यात."

म्हातारीची ही जबानी शास्त्रालाही मंजूर आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. सुमारे ४३ अंशांपुढील उष्णतेची वर्दी मेंदूला देणारा जो ग्राहक सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंवर असतो, तोच मिरचीतील कॅप्सेसिनने जागा होतो. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांनी तो हुडकला आणि २०२१ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. पक्ष्यांचा ग्राहक मात्र कॅप्सेसिनला दाद देत नाही. दाढांखाली बी भरडणाऱ्यास मज्जाव आणि बी शाबूत बाहेर टाकणाऱ्यास मुक्तद्वार, असा हा चोख बंदोबस्त.

दुपारी म्हातारीने आग्रहाने नाचणीची भाकरी आणि त्याच मिरच्यांचा ठेचा वाढला. पहिल्याच घासाला कानशिले तापली, नाकाडोळ्यांतून धारा लागल्या आणि हात तांब्याकडे गेला.

"पानी नगा पिऊ, आग पसरंल. ताक घ्या."

कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, दुधातील केसीन मात्र ते उचलून नेते. म्हातारीला ह्या कारणमीमांसेशी कर्तव्य नव्हते. ठेचा माखलेला तुकडा मी दारातल्या कुत्र्यापुढे टाकला. त्याने तो एकवार चाटला, मुस्कट मातीत घासले आणि कोऱ्या भाकरीची वाट पाहत बसला. जन्मभर ह्याच घरचे उष्टे खाऊनही त्याची जीभ बाटली नव्हती. मेक्सिकोतील एका खेड्यात मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांना कुत्र्याडुकरांची हीच तऱ्हा आढळली होती. मी मात्र, शरीर आगीची फिर्याद करीत असताना ती बिनबुडाची म्हणून निकालात काढून, पुन्हा ठेचा मागून घेतला. दुसऱ्या खेपेला तर तो अधिकच रुचकर लागला.

हात दोनदा धुऊन पंचांचे अंगठे घ्यायला बसलो आणि सवयीने डोळा चोळला. उरलेला पंचनामा तासभर तहकूब ठेवावा लागला.