इंजिनाचा ताप आणि चालकाची ऊब

१. ऐन उन्हाळ्याची दुपार, वाहतुकीच्या कोंडीत अडकलेली छत उघडी असलेली जुनी एमजीबी. तापमानाचा काटा हळूहळू लाल टोकाकडे सरकत असतो. अशा वेळी तिचा जाणता चालक हीटर पूर्ण सुरू करतो! पाहणाऱ्यास हा वेडेपणा वाटेल. परंतु इंजिन वाचवण्याचा तोच त्याच्या हातातला उपाय असतो. त्यामागचे कारण इतिहासात शोधावे लागते.

२. पेट्रोलमधील ऊर्जेपैकी थोडाच भाग चाकांपर्यंत पोहोचतो. सुमारे एक तृतीयांश धुरावाटे निघून जातो आणि जवळपास तितकाच इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरतो. आरंभीच्या मोटारींत हे पाणी उकळून वाफ होई व वरचेवर भरावे लागे. १९०० साली विल्हेल्म मायबाख यांनी ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर घडवला. त्यात ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या आणि मागे एक पंखा. अवघ्या ९ लिटर पाण्यावर इंजिन थंड राहू लागले. मार्च १९०१ मध्ये नीस येथील शर्यतींत या गाडीने वर्चस्व गाजवले.

३. इंजिनाची सोय झाली. चालक मात्र कुडकुडतच राहिला. उघड्या स्पोर्ट्स कारमध्ये जाड कोट आणि हातमोजे हीच ऊब. १९६२ साली एमजीबी बाजारात आली, तेव्हाही ब्रिटनमध्ये हीटरसाठी वेगळे पैसे मोजावे लागत. हा हीटर म्हणजे दुसरा, छोटा रेडिएटरच. सिलिंडर हेडवरील झडप उघडली की इंजिनाचे गरम पाणी त्यात शिरते आणि त्यावरून जाणारी हवा चालकाच्या पायांशी येते. हीटर स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. तो ती इंजिनाकडून उसनी घेतो.

४. कोंडीतल्या त्या चालकाची युक्ती आता उलगडते. सुरुवातीच्या एमजीबीचा पंखा पट्ट्याने इंजिनालाच जोडलेला असे. गाडी थांबली की समोरून येणारा वारा थांबतो आणि पंखाही मंदावतो. मग हीटर उघडून थोडी उष्णता स्वतःच्या अंगावर घ्यावी लागते. दुर्लक्ष झाले, तर सिलिंडर हेड वाकते, गॅस्केट जाते आणि सारे इंजिन उतरवावे लागते. घाबरून रेडिएटरचे झाकण उघडणे त्याहून घातक. झाकणाच्या दाबामुळेच पाणी शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. दाब सुटताच ते क्षणात उसळते आणि हात-तोंड भाजते.

५. १९६३ साली जगासमोर आलेल्या पोर्श ९११ने वेगळी वाट धरली. तिच्या इंजिनात पाणीच नव्हते. मोठा पंखा सिलिंडरांवर वारा घाली आणि त्यातलीच काही हवा एक्झॉस्टच्या नळ्यांभोवतालच्या आवरणातून गरम होऊन आत येई. पण नळ्या गंजून फुटल्या, तर त्याच हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड आत शिरण्याची भीती असे. या वायूला वासही नसतो. ऊब आणि विष यांच्यामध्ये पत्र्याचा एक पातळ थर एवढेच अंतर होते. हवेने थंड होणाऱ्या ९११चे उत्पादन १९९८ मध्ये थांबले.

६. आजच्या मोटारीत पंखा केव्हा फिरावा, हे संगणक ठरवतो. इंजिनाच्या तापाची चालकाला जाणीवही होत नाही. जुन्या गाडीत मात्र दोघांचा ताप एकच असे. हिवाळ्यात इंजिनाने दिलेली ऊब चालक उन्हाळ्यात, घामाघूम होऊन, परत करीत असे. त्या व्यवहारासाठी त्याला आपली गाडी नीट ओळखावी लागे. आणि अशी एखादी गाडी आजही रस्त्यावर धावताना दिसते, ती बहुधा या ओळखीमुळेच.