पहिल्या सरीआधी

मृग लागण्यापूर्वी कवेलू फेरायचे, हे आमच्या वारासिवनीकडे कोणाला सांगावे लागत नाही. काही वानरे फोडतात, काही वाऱ्याने सरकतात. भोक नेमके कोठे ते पहिली सर आल्याखेरीज कळत नाही. इतिहासाच्या एम.ए.ला संगणकाचे दुखणे समजले ते या वाटेने.

गेल्या पावसाळ्यात, परीक्षेचे अर्ज भरण्याच्या ऐन गर्दीत आमचे संगणक-शिक्षक म्हणाले, "सर, पॅच आलाय. दोन तास सर्व्हर बंद ठेवावा लागेल." खिडकीशी पालकांची रांग, कित्येकजण रोवणीची मजुरी बुडवून आलेले. "ठिगळच ना? उद्या लावू," बडे बाबू उद्गारले.

मी विचारले, "आज न लावले तर?"

उत्तरादाखल त्यांनी 2017 सालची हकिकत सांगितली. वाचकहो, ती ऐकण्याजोगी आहे. फायलींच्या देवघेवीसाठी विंडोज 445 क्रमांकाचे दार उघडे ठेवते. तेथे आलेल्या मजकुराचे माप घेण्यात जुनी चूक राहून गेली होती. मुद्दाम घडवलेला मजकूर पाठवला की तो नेमल्या जागेबाहेर सांडे आणि त्यातील परक्याच्या आज्ञा यंत्र आपल्याच समजून पाळी. ना पासवर्ड, ना कोणी बटण दाबण्याची गरज! अमेरिकी हेरखात्याला हे भोक ठाऊक होते. त्याने गुप्त हत्यार म्हणून ते जपले. मायक्रोसॉफ्टने 14 मार्चला ठिगळ दिले. एप्रिलात ते हत्यार जगजाहीर झाले. 12 मे रोजी 'वॉनाक्राय' सुटले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. ठिगळ येऊन दोन महिने होत आले होते.

27 जूनला 'नॉटपेट्या' आले. युक्रेनमधील कर-हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून निघून ते याच भोकातून पसरले. शिवाय पासवर्ड चोरून ठिगळ लावलेल्या यंत्रांतही शिरले. आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. त्या कंपनीला 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभारावे लागले. तिच्या साऱ्या जाळ्याच्या नोंदवहीची एकच प्रत शाबूत राहिली, ती घानामधील कार्यालयात. कारण ऐन वेळी तिथली वीज गेली होती! भारनियमनाला आयुष्यभर शिव्या घातलेल्या माझ्यासारख्याला हे ऐकून हसावे की काय, कळेना.

आमच्या डब्यात बंदर नव्हते. मुलांचे गुण, दाखले आणि शिष्यवृत्तीचे खातेक्रमांक होते. एखाद्या मजुराच्या मुलीची जन्मतारीख पुसली गेली, तर ती पुन्हा सिद्ध करायला तिच्या बापाने किती कचेऱ्या झिजवायच्या? मी रांगेपुढे जाऊन काम थांबवले. ठिगळानेही कधी चालते यंत्र बिघडते, म्हणून शिक्षकांनी आधी सर्व नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली, ती डिस्क काढून कपाटात ठेवली, मग हात घातला. दोन तासांचे सव्वातीन झाले.

चहा दिला, पण चहाने मजुरी भरून निघत नाही. कटंगीकडचे एक गृहस्थ फार संतापले. "गुरुजी, तुमच्या यंत्रापायी माझी शेवटची बस गेली," म्हणाले. त्यांचा राग रास्त होता. त्यांचा अर्ज साडेसहाला भरला आणि शिपायाने त्यांना मोटरसायकलवरून गावी सोडले.